भज्यांवरचं फडकं

बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या फाटकासमोर ती म्हातारी रोज भजी तळते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. भज्यांची परात ती पांढऱ्या फडक्यानं झाकते. हंगामात चिमणीची काळी राख घरादारावर पडायची, तेव्हाची ही सवय. त्या राखेला सगळं गाव शिव्या द्यायचं. पाळी सुटली की मात्र हिच्या परातीभोवती उभं राहायला जागा नसायची. आता एसटीची वाट बघणारा मी एकटाच.

काल न राहवून म्हणालो, "आजी, चिमणी कधीच थंड झाली. आता कशाला झाकता?"

"उद्या राख पडाया लागली, तर ऐन टायमाला फडकं कुठं हुडकू?"

मग तिनं फडकं उचललं, उजेडात धरून नीट पाहिलं. एकही काळा ठिपका नव्हता. तिनं ते तरीही झटकलं.