काम परदेशी गेलं, यशवंतभाऊ दारी आले

यशवंतभाऊ गराडे यांची आणि माझी पहिली भेट आमच्या सोमाटण्याच्या घराच्या पायरीवर झाली. गुरुवार होता. शिरगावला साईबाबांचं दर्शन घेऊन मी परतले, तर पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसलेले. म्हणाले, "वहिनी, सुरेशचे कागद तुमच्याकडंच असतील. घरातले कागद बाईमाणूसच सांभाळतं." मी प्रसाद दिला, तो त्यांनी कपाळाला लावून घेतला. चहाला मात्र नको म्हणाले. "चहा अर्ज पुरा झाल्यावर."

भाऊ मूळचे औंढ्याचे, घरची भातशेती. आमचे यजमान, म्हणजे हे सुरेश, ज्या कारखान्यात मोटारींच्या वायरिंगचं काम करत, तिथे कामगारांची हजेरी आणि कागद पाहणाऱ्या टाइम ऑफिसात भाऊंनी उभी हयात नोकरी केली आणि सन्मानाने निवृत्त झाले. पुढे काही वर्षांनी कंपनीने ते काम व्हिएतनामला हलवलं. यंत्रं पेट्यांत भरून गेली, माणसं घरी आली. भाऊंचा त्या कारखान्याशी तेव्हा काही संबंध उरला नव्हता. तरी ते गावोगाव फिरत होते, कारण आमच्या माणसांनी एक चूक करून ठेवली होती.

शेवटच्या दिवशी एक कागद भरायचा होता. त्यात नोकरी का सुटली, असा रकाना होता. यजमानांनी आणि त्यांच्या दहा सोबत्यांनी तिथे लिहिलं, 'स्वखुशीने सोडली.' काढलं असं लिहिलं तर पाहुण्यारावळ्यांत मान खाली जाईल, एवढाच त्यामागचा विचार. पण कामगार विम्यातून काही महिने जो बेकारी भत्ता मिळतो, तो आपण होऊन नोकरी सोडणाऱ्याला मिळत नाही. भत्ता नाही म्हणजे विम्याच्या दवाखान्यातली औषधंही बंद. सासूबाईंच्या हृदयाच्या गोळ्या तिथूनच येत. डब्यात दहा-बारा दिवसांच्या उरल्या होत्या.

हे भाऊंनी नीट समजावलं. यजमान तरी अडून बसले. "जे लिहिलं ते लिहिलं. सरकारपुढं हात पसरायचा नाही मला."

आतून सासूबाई म्हणाल्या, "लय मोठा आलाय! कंपनी बोटीत बसून गेली आन् ह्यो म्हणं सोताहून निघालो! तुला कुनी काढलं न्हाई रं, तुझ्या हातातलं काम उचलून न्हेलं."

मग भाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "सुरेश, मी टाइम ऑफिसात असताना कारखान्यातलं एक खातं बंद झालं होतं. तेव्हा माणसांना मीच सांगितलं, 'स्वखुशीने' लिहा, लवकर मोकळे व्हाल. माझंही काम वाचत होतं. त्यातल्या एकाची बायको आजारी होती. तो पुढं विम्याच्या दारात गेला आणि हात हलवत परत आला. कुणामुळं, ते त्याला कळलंही नाही. मला कळलं. हात पसरायचं म्हणतोस, पण इतकी वर्षं विम्याचा हप्ता तुझ्याच पगारातनं कापला जात होता ना?"

एवढ्या वयाचा माणूस स्वतःची चूक दुसऱ्याच्या ओसरीवर बसून सांगतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. यजमानांनी पेन्सिल मागितली.

पेन्सिलच, कारण भाऊंची तशी पद्धत. ते दुसऱ्याचा अर्ज कधीही स्वतः भरत नाहीत. आधी पेन्सिलीने लिहायला लावतात, मोठ्याने वाचायला लावतात, मगच पेन हाती देतात. कुणी कंटाळलं तर रागावतात. त्यांचं बोलणं गोड नाही, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकातही लिहायला हवं.

पण अर्ज दुरुस्त करून भागणार नव्हतं. बदललेल्या कारणावर कंपनीची सही हवी होती, आणि तिथे एकच अधिकारी आवराआवरीपुरते उरले होते. भाऊ अकरा जणांना घेऊन फाटकावर गेले. यजमान सांगतात, अधिकारी म्हणाले, "आता काय बदलायचं, सगळं आटोपलंय."

भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, यंत्रं पाठवताना एकेका पेटीवर आत काय आहे ते खरं लिहिलंत ना? मग माणसांच्या कागदावरच खोटं कशाला?"

ते अधिकारीही कुणाच्या तरी घरचे कर्ते होते. त्यांनी कागद पुढे ओढले आणि अकराही सह्या करून दिल्या. संध्याकाळी भाऊंनी आमच्याकडे चहा घेतला. बशीत ओतून, दोन वेळा.

भत्ता सुरू झाला आणि सासूबाईंच्या गोळ्यांत एका दिवसाचाही खंड पडला नाही. दोघांचे विम्याचा हप्ता भरल्याचे दिवस नियमापेक्षा कमी भरले, त्यांना भत्ता मिळाला नाही. भाऊंनी त्यांना सोडलं नाही. कंपनीकडून मिळायच्या भरपाईसाठी त्यांच्यासोबत कामगार कार्यालयात जात राहिले. यजमानांनी भत्त्याच्या काळात वीजकामाचं शिक्षण घेतलं, आज ते लोणावळ्याच्या एका हॉटेलात तेच काम करतात. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, पण संसार नेटका चालला आहे. पाहुण्यांत कुणी विचारलं तर ते सरळ सांगतात, "काम परदेशी गेलं." मान कुठेही खाली गेली नाही.

भाऊ पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना निरोगी शंभरी लाभो, घरच्या भाताचा सुवास त्यांच्या ताटात कायम राहो, आणि यापुढे आम्हा लोकांकडून त्यांना अर्जांपेक्षा लग्नाच्या पत्रिका जास्त याव्यात, हे साईबाबांच्या चरणी मागणं. हा लेख लिहून झाल्यावर मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "समदं बरं लिवलंस. पर त्यास्नी म्हनावं, गुडघ्यांना रोज तेल लावत जा. सरकारी हापिसांचे जिने लय हायेत, आन् तुमच्याबिगर आमाला तितं कोन न्हेनार?"