कानसेन

गॅरेजच्या त्या ओळीत त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव चेष्टेत पडलं आणि कौतुकात टिकलं. गाडी फाटकातून आत येईपर्यंत याने तिचं दुखणं ओळखलेलं असायचं. इतर मेकॅनिक आधी पाना उचलत, हा आधी मान तिरकी करून कान लावायचा. सगळा संसार त्याने याच कानांवर ओढला होता.

गेल्या वर्षापासून मात्र घरातल्या टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. दारावरची बेल वाजली की बायको उठायची आणि हा विचारायचा, "कुठे चाललीस?" डॉक्टरकडे चला म्हटलं की चिडायचा. "तू पुटपुटतेस, त्याला मी काय करू?" खरं तर त्याला कळत होतं. पण कान गेले तर गॅरेजात उरलं काय, गाड्या पुसायचं फडकं? म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. थोरल्या भावाच्या माघारी गॅरेज पुतण्या चालवत होता, त्यालाही पत्ता नव्हता. कामावर आपल्याला सगळं नीट ऐकू येतं, असं त्याने स्वतःला पटवून टाकलं होतं. माणूस स्वतःला पटवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील दुसरा नाही.

त्या सकाळी शाळेतल्या एक बाई गाडी घेऊन आल्या. "वायपर फिरतात, पण काचेवर पाणीच येत नाही. धुळीत समोरचं काही दिसत नाही हो."

काम किरकोळ होतं. पाण्याची टाकी भरलेली होती. मग त्याची नेहमीची रीत: बाईंना आत बसवून वायपरची दांडी ओढायला सांगितली आणि स्वतः बॉनेटखाली वाकला. पाण्याची छोटी मोटार गुणगुणली तर पाणी पुढे कुठेतरी अडलंय. गप्प राहिली तर फ्यूज, वायर नाहीतर मोटारच. मोटार गप्प. फ्यूज शाबूत. "मोटार गेली," त्याने निकाल देऊन टाकला.

नवी मोटार बसवली. तीही गप्प. वायर हलवून पुन्हा कान लावला. काही नाही.

"हल्ली मालच भिकार येतो," तो पुतण्यावर खेकसला. "नवीकोरी मोटार, तीही मेलेली!"

पुतण्या हातातलं टायर सोडून आला. "काका, चालतेय की ती."

"कुठे चालतेय?"

"अहो, केवढ्याने वाजतेय!"

गाडीतून बाईही म्हणाल्या, "मला इथे आत ऐकू येतंय."

त्याने मोटारीवर बोटं ठेवली. ती थरथरत होती. काढून ठेवलेली जुनी मोटार उचलून त्याने बॅटरीला जोडली, तीही बोटांत थरथरली. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती. बॉनेटखालून, काचेवर पाणी उडवणाऱ्या नोझलची नळी उपटली तसं पाणी थेट त्याच्या छातीवर उडालं. नोझलच्या भोकांत पांढरा थर घट्ट वाळला होता; बाईंनी टाकीत भांड्यांचा साबण ओतला होता. सुईने भोकं मोकळी केली, नळी जोडली, काचेवर पाणी आलं. बाई खूश झाल्या. त्याने जुनीच मोटार परत बसवली.

लाज वाटली, ती तर वाटलीच. पण लाजेच्या मागून दुसरंच काहीतरी आठवलं. काल टॅक्सीवाला आला होता. पुढच्या चाकातून किर्र आवाज येतो म्हणत होता. कानसेन स्वतः शेजारी बसून एक चक्कर मारून आला होता. "तुला भास होतात," म्हणून त्याने टॅक्सीवाल्याची टर उडवली होती. "जा बिनघोर." टॅक्सीवाला बिचारा खजील होऊन हसला होता. कानसेनचा शब्द मोडणार कोण? गाडी उचलून चाक हाताने हलवून बघावं, एवढंही त्याला सुचलं नव्हतं.

त्याने फोन लावला. टॅक्सीवाल्याच्या बायकोने उचलला, एवढं कळलं. ती भरभर बोलत होती की रडत होती, कोण जाणे; शब्द काही लागेना. "वहिनी, त्याला गाडी थांबवायला सांगा," एवढंच तो म्हणत राहिला. शेवटी त्याने फोन पुतण्याच्या हातात कोंबला.

ऐकता ऐकता पुतण्याचा चेहरा उतरला. फोन ठेवून तो जवळ आला, काकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच काहीतरी बोलला.

"काय?"

पुतण्याने बाईंकडे पाहिलं, शेजारच्या गॅरेजकडे पाहिलं आणि पुन्हा तसाच हळू बोलला.

"जोरात बोल रे. मला ऐकू येत नाही!" हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर कधी निघालं नव्हतं.

मग पुतण्याला ओरडावंच लागलं. "चाक जाम झालं, काका! उतारावर! गाडी कठड्यावर आपटली! ते अजून शुद्धीवर नाहीत!"

ओळीतल्या सगळ्या गॅरेजांनी ते ऐकलं.