दिगंबर सरांची रानकेळ

दिगंबर महाजन बऱ्हाणपूरच्या एका खाजगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. जिल्ह्यातल्या झाडाझुडपांची नोंद करणारा ग्रंथ काढायचं ठरलं, तेव्हा भोपाळच्या संपादकांनी एकेक कुळ एकेका प्राध्यापकाला वाटून दिलं. सरांच्या वाट्याला केळीचं कुळ आलं.

"तुमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच तर आहे. आठ दिवसांत उरकेल," संपादक फोनवर म्हणाले.

मागून पत्र आलं. त्यात एक अट होती: लावलेली झाडं धरायची नाहीत, आपोआप उगवलेलीच धरायची.

सर शाहपुरात केळीच्या बागांमध्येच लहानाचे मोठे झालेले. पण न लावता उगवलेली केळ त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. दोन वर्षं दर रविवारी ते मोटरसायकल काढून हिंडले. हातात वही घेतलेला माणूस बांधावर दिसला की लोक त्याला पीकविमावाला समजत. शाहपुरात गिरधर पाटलांनी तर त्यांना हाताला धरून वाऱ्यानं लोळवलेल्या बागेत नेलं.

"लिहा साहेब. बाराशे खोडं गेली."

"मी विमावाला नाही हो. केळीचा सर्वे करतोय."

"मंग हे काय पपई हाये?"

सरांनी निमूटपणे बाराशे लिहून घेतले.

शेवटी डोईफोडिया गावात, जंगलाच्या कडेला राहणाऱ्या रंभाबाई भेटल्या. मुतखड्यावर त्या रानकेळीचं बी उगाळून देत.

"कड्यावर हाये एक," त्या म्हणाल्या. "पन तुमाले चढता येईन का?"

सर चढले. दोनदा घसरले, गुडघा फोडून घेतला, आणि कपारीत ती दिसली: बुंध्याशी हंड्यासारखी फुगलेली, वरून केळफूल लोंबलेलं. दोन वर्षांत सापडलेली एकुलती एक.

नियमाप्रमाणे ते केळफूल कापून, वाळवून पाठवायला हवं होतं. पण ही केळ एकदाच फुलते, बी धरते आणि मरते; बुडाशी नवे कोंब, पिलंही येत नाहीत. सरांनी कोयता काढला, केळफुलापर्यंत नेला आणि मागे घेतला. मग पानाचा एक तुकडा कापला, फोटो काढले आणि खाली उतरले.

संपादकांनी कळवलं, फुलाशिवाय नमुना चालणार नाही.

पुढच्या वर्षी सर गेले तेव्हा केळ मरून गेली होती. मात्र रंभाबाईंनी पिकल्यावर बी उतरवून घेतलं होतं, आणि त्यांच्या परसात अकरा रोपं तरारली होती. यांना फूल आलं की पाठवतो, म्हणून सरांनी हौसेनं फोन केला.

"परसात? म्हणजे लावलेली," संपादक म्हणाले. "अट वाचा."

ग्रंथ छापून आला. केळीच्या कुळापुढे एकच ओळ होती: जिल्ह्यात आढळत नाही. प्रकाशनाच्या दिवशी सभागृहाच्या दाराला दोन्ही बाजूंनी केळीचे खांब बांधले होते.

सर ही बातमी सांगायला रंभाबाईंकडे गेले.

"उरलेलं बी म्या कड्यावर फेकलं व्हतं," त्या म्हणाल्या. "उगलं हाये. आता लिहा."

सरांनी वर जाऊन सहा रोपं मोजली. घरी येऊन ग्रंथाच्या पुरवणीत नोंद पाठवायला कागद पुढ्यात घेतला, पण पेनचं टोपण काही काढलं नाही.

"रानातच आहेत ना? मग?" त्यांची बायको मालती म्हणाली.

"आहेत. पण बी कुणी टाकलं ते मला माहीत आहे."

"संपादकांना माहीत आहे?"

सरांनी कागद खणात ठेवून दिला. हल्ली ते आपल्याच वनस्पतिशास्त्र विभागातल्या मधुकर सरांना अधूनमधून म्हणतात, पावसाळ्यात वही घेऊन डोईफोडियाच्या कड्याकडे एकदा जाऊन या, हवा फार छान असते.