दस्तगीरचा ओला माठ

कोल्हापूरच्या समस्त रसिक नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गेल्या महिन्यात आपल्या शहराला एका थोर चित्रकाराचा शोध लागला. त्यासाठी त्या चित्रकाराला फार काही करावं लागलं नाही... फक्त मरावं लागलं.

बातमी घेऊन माझ्या दारात आली ती कुंभार गल्लीतली अक्काताई. "मास्तर, दस्तगीर गेला. चला बिगीबिगी." गुळाच्या ट्रकवर वीस वर्षं ड्रायव्हर असलेला दस्तगीर आपल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या जागी गेला होता. समोर स्टुलावर अक्काताईच्या हातचा माठ, काठोकाठ भरलेला. शेजारी प्लायवूडवर त्याच माठाचं अर्धं चित्र. माणूस गार पडला होता आणि माठ अजून झिरपत होता.

दस्तगीर चित्रकला कुणाकडं शिकला नाही. साठच्या दशकात गूळ घेऊन घाट उतरायचा आणि मालवणात ट्रक रिकामा होईपर्यंत किनाऱ्यावर बसून पावतीच्या पाठीवर समुद्र काढायचा. रंग पाट्या रंगवणाऱ्यांकडचे, तळाशी उरलेले. त्याच्या प्रत्येक चित्रात पुढं माठ आणि मागं समुद्राची एक पट्टी. काढायला बसण्याआधी तो माठ भरून ठेवायचा. बाहेरून ओल जशी खाली सरकायची, तसा त्याचा ब्रश सरकायचा. मी एकदा विचारलं, रिकामा माठ काय वाईट दिसतो? म्हणाला, "कोरडा माठ म्हंजे नुसती माती की, मास्तर! पाणी भरलं की त्यो घाम गाळतोय. मला त्यो घाम काढायचा हाय. आन् मागं दर्या न्हाय ठेवला, तर लोक इचारतील, एवढी ओल आली कुठनं?"

त्याची इच्छा एकच. आमच्या कलामंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात एक चित्र लागावं. "एकडाव भिंतीवर लागू दे. अक्काताईला दाखवायचंय, तिचा माठ कुठवर पोचला त्यो."

नऊ वर्षं त्यानं चित्र आणलं, नऊ वर्षं आम्ही परत पाठवलं. कारण ऐका आणि टाळ्या वाजवा! आमच्या फॉर्मात रकाने होते तीन: व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, वस्तुचित्र. माठ आणि समुद्र एकाच चौकटीत आले की ते कुठं घालायचं? अध्यक्ष म्हणाले, "हा धड माठ नाही, धड समुद्र नाही. ड्रायव्हर असून रस्ता सापडत नाही बिचाऱ्याला." सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसला तो मंडळाचा चिटणीस. नकाराची नऊही पत्रं त्याच्याच वळणदार अक्षरात आहेत. तो चिटणीस म्हणजे मी. आता माझा हा संताप नेमका कुणावर आहे, ते वेगळं सांगत नाही.

शेवटच्या खेपेला मी त्याला म्हणालो, "तूच सांग, कुठल्या रकान्यात घालू?" तो चित्र काखेत मारत म्हणाला, "माठालाच इचारा की, कुठं मावतोय त्यो."

परवा त्याच मंडळानं त्याची शोकसभा भरवली. परत गेलेली नऊ चित्रं रांगेनं भिंतीवर! रकाने कुठं गेले, कोण जाणे. "या प्रतिभेला प्रथम मी ओळखलं," अध्यक्ष गहिवरून सांगत होते. व्यासपीठावर मधोमध दस्तगीरच्या खोलीतला तो माठ. उत्साही कार्यकर्त्यांनी शोभा यावी म्हणून त्याला सोनेरी ऑइलपेंटचे दोन हात मारले होते, वर चंदेरी लाटा काढल्या होत्या आणि स्मृती जिवंत राहावी म्हणून आत पाणीही भरलं होतं.

अक्काताई मागं चपलांपाशी उभी होती. मी हाताला धरून तिला पुढं आणलं. निदान एवढं तरी. पहिल्याच चित्रापाशी ती थांबली. चित्रातल्या माठावर तिनं बोटं टेकवली आणि मग ओली झाली का म्हणून निरखून पाहिली. हसली. तशीच व्यासपीठावर चढली. खऱ्या माठाच्या पोटाला तळवा लावून उभी राहिली, बराच वेळ. काढला तेव्हा तळवा कोरडा ठणठणीत. अध्यक्षांचं वाक्य अर्ध्यावर होतं, तेवढ्यात ती सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आरं मुडद्यांनो, माणूस मेला म्हणून माठ बी मारलासा व्हय?"