टेकलेली घागर

"भावजी, आज वळणावर घागर टेकवली गेली," गाभाऱ्याच्या दाराशी उभी म्हातारी म्हणाली.

पुजारी दिराचा हात थांबला. डोंगरावरचा हा देव झऱ्याच्या पाण्याबरोबर वर येतो आणि घागर टेकेल तिथंच बसतो, अशी कथा. लग्न होऊन आल्यापासून पाणी वाहायचं काम तिचंच.

"कुणी बघितलं?"

"बघायचं काय त्यात? तो बसलाय वळणावर. तुम्ही आत अंघोळ कुणाला घालणार?"

"वहिनी, गुडघे गेलेत तुमचे. उद्यापासून सुनेला धाडा."

"ती पायरीपायरीला टेकवेल. मग हिंडा देव शोधत."

दीर हसला, पण त्यानं पाण्याला हात लावला नाही. म्हातारीनं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं, रिकामी घागर कमरेवर घेतली आणि पुन्हा झऱ्याकडं उतरू लागली.