टाळ्या मला, मतं आचाऱ्याला

मित्रहो, आज मी हरलो. आधी ऐका, मग हसा.

सकाळी एकत्र फिरणारे आम्ही सगळे स्कॉटलंडची सहल ठरवायला करी रोडला नाडकर्ण्यांकडे जमलो होतो. टूरवाल्यांच्या कार्यक्रमात उत्तरेकडची डोंगरदरी होती, पण फक्त बसच्या काचेतून. तिथल्या लढायांबद्दल मी कॉलेजपासून वाचतोय. गुडघे ऐकतायत तोवर मला त्या दरीत पायी चालायचंय.

म्हणून उभा राहिलो आणि गरजलो, "इतिहास खिडकीतून दिसत नाही! आपली सहल आपणच आखू!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग नाडकर्णी वहिनींनी हळूच विचारलं, "भाऊ, बोललात झकास. पण टूरबरोबर आपला आचारी येतोय. तुमच्या सहलीत वरणभात कोण करणार?"

मतं घेतली. सगळे हात आचाऱ्यासाठी वर गेले. त्यात आमच्या सौ.चाही हात होता. "अहो, सकाळचा चहा तरी धड मिळेल," ती म्हणाली.

 मग मीही टूरवाल्यांकडेच नाव नोंदवलं.

आयुष्यभर सभा गाजवल्या. आता तुम्हीच सांगा, त्या दरीपाशी बस पाच मिनिटं थांबवायची, तर कुणाचे पाय धरू?