मी न पाहिलेला डोंगर आणि त्याची साधनसंपत्ती

टोकियोशेजारच्या कावासाकी शहरातल्या आमच्या ऑफिसात मला आशियाचा जाणकार समजतात. कारण एवढंच, की मी पुण्याहून आलोय. जपानसुद्धा आशियातच आहे, असं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणून पाहिलं. समोरच्या दोघांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, थोडा विचार केला आणि "नकाशात तसं आहे खरं," असं कबूल केलं. विषय तिथेच संपला.

त्यामुळे फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका वस्तीचं काम आलं, तेव्हा ते माझ्याच टेबलावर येणार हे ठरलेलं होतं. आमची कंपनी ओढ्यानद्यांच्या पाण्यावर वीज तयार करणारी छोटी यंत्रं विकते. विकण्याआधी त्या जागेचा अहवाल करावा लागतो. आमचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, माझ्यापाशी येऊन म्हणाले, "तुम्हाला डोंगरांची सवय असेलच."

"हो तर," मी म्हणालो.

माझी डोंगरांची सवय म्हणजे रविवारी सकाळी सिंहगड चढायचा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं, आणि उतरताना गुडघे बोलायला लागले की जीपमध्ये बसायचं. पण जपानी ऑफिसात 'हो तर' म्हणणं म्हणजे सही करण्यासारखंच असतं.

अहवालाचं नाव बुचोंनीच दिलं: 'भौतिक भूगोल आणि नैसर्गिक साधनसंपत्ती'. पहिल्या टप्प्यात प्रवासाला मंजुरी नव्हती, म्हणून मी तो डोंगर उपग्रहाच्या फोटोंवरून पाहिला. एसीखाली बसून पाहिला की कुठलाही डोंगर समजूतदार वाटतो. मधल्या उतारांवर पाइनची झाडं, त्याच्या वर शेवाळाने मढलेल्या ओकचं दाट रान, तळाशी खोल घळीतून वाहणारी नदी. गावांच्या आजूबाजूला पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरं. शिवाय जुन्या कागदपत्रांप्रमाणे ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण, एका घळीत गरम पाण्याचे झरे. मी जंगलाला हिरवा रंग दिला, पाण्याला निळा, आणि कशातच बसत नव्हत्या त्या जागांना करडा.

डोंगरात जे जे सापडेल ते साधनसंपत्ती, असं बुचोंचं साधं तत्त्व होतं. एका मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "इथे धुकं फार असतं म्हणता. ते कशात धरलंत?"

"कशातच नाही."

"म्हणजे वाया जातंय?"

यावर बराच खल झाला. शेवटी धुकं 'संभाव्य जलस्रोत' या सदरात गेलं. वादळात दरडी कोसळतात आणि रस्ता बंद होतो, हे मी 'अडचणी' या मथळ्याखाली लिहिलं होतं. बुचोंना अडचण हा शब्द चालत नसे. त्यांनी ते खोडून 'मातीची मुबलक उपलब्धता' असं केलं. वाचायला बरं वाटत होतं. मीही मान डोलावली.

टोकियोजवळच्या ग्योतोकुला आम्ही राहतो; तिथे घरी आल्यावर मी बायकोला जरा ऐटीतच सांगितलं, की मी सध्या रिसोर्सेसवर काम करतोय. जपानीत त्याला शिगेन म्हणतात.

"मग गुरुवारी लवकर ऊठ," ती ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "आपल्या बिल्डिंगचं शिगेन गुरुवारी असतं."

रिकाम्या बाटल्या, डबे आणि रद्दी टाकायच्या दिवसाला इथे शिगेनचा दिवस म्हणतात. गुरुवारी पिशव्या घेऊन मीच खाली गेलो.

अहवाल पूर्ण झाला आणि त्या वस्तीतून दोन पाहुणे जपानला आले. एक तिथल्या मेयरबाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि कुणाशीही बोलताना आपण निवडून येणार आहोत अशा खात्रीने बोलणाऱ्या. दुसरे त्यांच्याबरोबरचे आजोबा. वरच्या रानातलं झाड तोडायचं तर त्यांचा होकार लागतो, असं बाईंनी सांगितलं. आजोबा आपल्या बोलीत बोलायचे, बाई त्याचं इंग्रजी करायच्या आणि मी जपानी. बुचोंचं उत्तर याच वाटेने उलटं जायचं. साधं "चहा घेणार का?" विचारून उत्तर येईपर्यंत चहा निवत असे.

मी पडद्यावर नकाशा लावला आणि त्यांना त्यांच्या डोंगराची माहिती द्यायला सुरुवात केली. तुमच्या पूर्वेला नदी आहे. तुमच्याकडे पाऊस भरपूर पडतो. आजोबा प्रत्येक वाक्याला गंभीरपणे मान हलवत होते. नदीची बातमी त्यांना नुकतीच कळली होती जणू.

"आणि ही सपाट जमीन," मी करड्या चौकोनावर लाल ठिपका फिरवत म्हणालो, "सध्या वापरात नाही. पॉवरहाउससाठी उत्तम."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आजोबांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. मग दोघंही हसायला लागले आणि थांबेचनात.

"ते आमचं बास्केटबॉलचं मैदान आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्या वस्तीत सपाट अशी तेवढीच जागा. तिथे पोरं खेळतात, भात वाळतो, लग्नं लागतात. पूल वाहून गेला की हेलिकॉप्टर तिथेच उतरतं. निवडणुकीची माझी सभाही तिथेच. ती जागा तुम्हाला दिली तर मी निवडून कुठून येऊ?"

बुचोंसाठी मी त्याचं भाषांतर केलं, "सदर जमीन बहुउद्देशीय वापरात आहे."

"बहुउद्देशीय!" बुचो खूश झाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

मग आजोबांनी हिरव्या भागाकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. वापराविना पडलेलं जंगल, मी सांगितलं. आजोबा बराच वेळ बोलले. बाईंनी ते आवरतं घेतलं. "ते म्हणतात, तिथे पाणी राहतं. पाऊस थांबला तरी शेवाळ ठिबकत असतं, त्यावर आमचे पाट चालतात आणि खाचरं भरतात. तिथे कुणी हात लावायचा नाही, हाच त्याचा वापर."

हे जपानीत नीट सांगायला मला जमलं, असं मला वाटलं. बुचोंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "थोडक्यात, टाकी."

दुसऱ्या दिवसापासून आजोबा बेचैन दिसू लागले. धड जेवेनात, सारखे तोंडावरून हात फिरवत राहायचे. ऑफिसातल्यांना वाटलं, थंडीने असेल. सुपारी खाणाऱ्याला सुपारी मिळाली नाही की कसा चेहरा होतो, ते मी घरी पाहिलेलं आहे. मी बाईंना विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला. विमानतळावर आजोबांची पान-सुपारी काढून घेतली होती.

रविवारी मी दोघांना निशी-कासाईच्या भारतीय दुकानात नेलं. पानं नव्हती, पण वाळकी सुपारी मिळाली. तिथून घरी जेवायला. बायकोने वरण-भात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर केली होती. आजोबांनी नुसता भात आधी खाऊन पाहिला, मग वरण ओतून घेतलं आणि तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर आपलं मत दिलं. भात बरा, पण दमलेला. कुणाच्या गोदामातून आला असेल. माझ्या आईने पुण्याहून पाठवलेल्या अडकित्त्याने बायकोने सुपारी कातरून दिली तेव्हा मात्र आजोबांनी तो अडकित्ता हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत द्यायला जरा वेळ लावला.

आता थुंकायचं कुठे? गॅलरीत गेले तर खालच्या मजल्यावरच्या आजी पोलिसांना बोलावतील. बायकोने दह्याचा रिकामा डबा पुढे केला.

"आणि मग हा डबा?" मी विचारलं. "जळणाऱ्या कचऱ्यात की शिगेनमध्ये?"

"तू तुझ्या अहवालात घाल," ती म्हणाली.

सुपारी तोंडात गेल्यावर आजोबा खुलले. त्यांच्या डोंगरावर माणसाला उभं राहायलाच एक पाय आखूड असावा लागतो, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. वादळानंतर खाली आलेली माती टोपल्यांनी पुन्हा वर न्यायची. "डोंगर दरवर्षी थोडा खाली येतो. आम्ही त्याला थोडा वर नेतो. आमचं आयुष्य त्यातच जातं." ओढ्यात सोनं असतं का, हे मी विचारल्यावर ते हसले. असतं. दिवसभर पाण्यात उभं राहिलं की संध्याकाळच्या तांदळापुरतं मिळतं, आणि सर्दी फुकट. गरम पाण्याच्या झऱ्यात? कोंबड्या सोलायला बुडवतात.

"तुमची मुलं काय करतात?" बायकोने बाईंना विचारलं.

"एक दुबईत, एक कॅनडात. धाकटी मनिलात व्हिसाची वाट बघतेय. तुमच्या घरी कोण असतं?"

"पुण्यात सासू-सासरे. दोघंच."

"म्हणजे आपलं सारखंच," बाई म्हणाल्या आणि बायकोने आणखी एक सुपारी कातरायला घेतली.

विकासाने डोंगराचं कसं भलं होतं ते दाखवायला बुचोंनी शेवटी सगळ्यांना एका आदर्श पहाडी गावात नेलं. खरंच बघण्यासारखं गाव होतं. बोगद्यांमागून बोगदे, नदीला दोन्ही बाजूंनी काँक्रीटचा काठ, धरण, गुळगुळीत रस्ता, सार्वजनिक शौचालयात गरम होणारी सीट. चुकूनसुद्धा दरड कोसळू नये म्हणून अख्ख्या डोंगराला जाळी घातलेली. शाळेची इमारत झकास होती. तिथे आता गावाचं संग्रहालय होतं, कारण मुलंच उरली नव्हती.

गावप्रमुख पंचाहत्तरीचे. त्यांनी पडदा लावून भाषण केलं आणि त्याचं शीर्षक बघून मला घाम फुटला. 'आपल्या गावाचा भूगोल आणि नैसर्गिक साधनसंपत्ती'. पाणी उत्तम, लाकूड उत्तम, झरे उत्तम.

"आणि माणसं?" मेयरबाईंनी विचारलं.

"टोकियोत," गावप्रमुख म्हणाले. "थोडी कावासाकीत."

गावामागे इथेही पायऱ्यांची खाचरं होती, गवताने भरलेली. आजोबा न विचारता खाली उतरले आणि ढासळलेल्या दगडी बांधापाशी उभे राहिले. गावप्रमुख त्यांच्या मागोमाग गेले. आणि मग जे सुरू झालं त्याचं भाषांतर करताना माझी त्रेधा उडाली.

"ते म्हणतात, हा बांध रचणारा झोपेत होता," बाई मला म्हणाल्या.

"पाहुणे तुमच्या बांधकामाच्या शैलीने चकित झाले आहेत," मी जपानीत सांगितलं.

गावप्रमुखांना आजोबांचा चेहरा दिसत होता. ते म्हणाले, "त्यांना सांगा, माझ्या वडिलांनी रचलाय. दगड आतल्या बाजूला कललाच पाहिजे. यांच्याकडे सरळ रचतात का? मग पडतच असणार."

"त्यांना तुमच्या पद्धतीविषयी उत्सुकता आहे," मी इंग्रजीत म्हणालो.

"हे बघा," बाईंनी मला थांबवलं, "तुम्ही जरा वेळ चहा घेऊन या."

मी चहा घेऊन आलो तेव्हा दोन्ही म्हातारे चिखलात उकिडवे बसून, आपापल्या भाषेत, एकमेकांवर ओरडत होते. एक जण दगड लावत होता, दुसरा तो काढून वेगळा लावत होता. बुचो रस्त्यावर उभे राहून घड्याळ बघत होते. त्यांच्या बुटांना चिखल चालत नव्हता.

नंतर बाई गावप्रमुखांना घेऊन त्यांच्या ऑफिसात बसल्या, तिथल्या इंग्रजी येणाऱ्या कारकुनाला मध्ये घेऊन, आणि त्यांच्या बोलण्यातून काय निघालं ते मला परतीच्या बसमध्ये कळलं. आमची यंत्रं त्यांना नको होती. निदान सध्या तरी. त्याऐवजी त्यांच्या वस्तीतली काही तरुण मंडळी या गावाची खाचरं लावायला येणार होती, दोन्ही बाजूंच्या मान्यतेने, आणि फक्त त्यांच्या घरचं पीक निघाल्यावर. परतीचं तिकीट आधीच हातात हवं, ही बाईंची अट.

"आमची पोरं जातातच," त्या मला म्हणाल्या. "मी एवढंच बघते की ती विकली जाऊ नयेत, आणि जाताना परतीची वाट त्यांना ठाऊक असावी."

बुचोंचा चेहरा पडला. पण फार वेळ नाही. पुढच्याच मीटिंगमध्ये त्यांनी आमच्या अहवालात एक प्रकरण वाढवलं, 'मनुष्यबळ: दुर्लक्षित साधनसंपत्ती', आणि सगळं काही आधीपासून असंच ठरलं होतं, अशा थाटात वरच्यांना सादर केलं. त्यांची बढती झाली. त्या प्रकरणात बाहेरच्या देशांतून आलेल्या कुशल कर्मचाऱ्यांचं उदाहरण म्हणून एक ओळ माझ्यावरही होती, म्हणजे भाताच्या आणि धुक्याच्या खालोखाल.

तरुण मंडळी आली. पहिल्या वर्षी निम्मं पीक रानडुकरांनी खाल्लं आणि बांध रचण्यावरून पुन्हा वाद झाले, या वेळी फोनवर, आजोबा डोंगरावरून सूचना देत असताना. कापणीच्या वेळी कंपनीने मला दुभाषा म्हणून तिथे पाठवलं. फारसं काम नव्हतं. ती मुलंमुली आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका माझ्याशिवाय छान भांडत होत्या. कुणीतरी मोठ्याने गाणं लावलं होतं, कुणी खालच्या खाचरातून वरच्या खाचरात हाका मारत होतं.

गावप्रमुख बांधावर बसले होते. मी शेजारी बसलो आणि फार गोंगाट होतोय का, म्हणून विचारलं.

"काय म्हणालात?" त्यांनी कानाला हात लावला, मग कानातलं श्रवणयंत्र नीट बसवलं. "हे गेल्याच महिन्यात दुरुस्त करून आणलं. किती तरी वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होतं. ऐकायला काही नव्हतंच ना."